नातवंडाचा ल्यूथरन बाप्तिस्मा : गोव्यातील आजी-आजोबांसाठी तयारीचा क्रम

हॉल ठरतो, केकची ऑर्डर जाते, निमंत्रण नातेवाइकांच्या वॉट्सॲप ग्रुपवर पोहोचते, आणि त्यानंतर पाळकांना फोन केला जातो. गोव्यातील मराठी ख्रिस्ती घरांत हा उलटा क्रम वारंवार दिसतो, विशेषतः मुलगा किंवा मुलगी परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात ल्यूथरन (मार्टिन ल्यूथर यांच्या शिकवणीला मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळीची सभासद असते आणि बाळाचा बाप्तिस्मा मात्र आजी-आजोबांच्या गावी व्हावा अशी सर्वांची इच्छा असते तेव्हा. बाप्तिस्मा हा मंडळीचा विधी असल्यामुळे तारीख, जागा, धर्ममाता-धर्मपिता (गॉडपेरेंट) आणि नोंद या चारही गोष्टी पाळकांच्या संमतीने ठरतात, आणि त्यांतील एक जरी उशिरा ठरली तरी बाकीच्या तीन पुन्हा ठरवाव्या लागतात. पुढील टप्पे याच क्रमाने घ्यावेत.

टप्पा १ : आधी आई-वडिलांशी बोलणे, मग व्याह्यांशी

बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की नाही, कोणत्या मंडळीत द्यायचा आणि केव्हा द्यायचा, हे आई-वडिलांनी ठरवायचे असते. ल्यूथरन उपासनेत बाळाला ख्रिस्ती विश्वासात वाढवण्याचे वचन आई-वडील आणि धर्ममाता-धर्मपिता देतात. ते वचन आजी-आजोबा त्यांच्या वतीने देऊ शकत नाहीत. त्यामुळे पहिले काम विचारण्याचे आहे, आणि मुलगा वा मुलगी यांच्याइतकेच सूनबाईंना किंवा जावयांनाही थेट विचारावे.

गोव्यात दुसरा प्रश्न लगेच पुढे येतो, कारण सोयरीक बहुधा कॅथलिक घराशी झालेली असते. लग्न कॅथलिक चर्चच्या परवानगीने झाले असेल, तर कॅथलिक जोडीदाराने आपल्या मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन दिलेले असते (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील कॅनन ११२५). असे वचन आहे हे ठाऊक नसताना ल्यूथरन बाप्तिस्म्याची तारीख जाहीर केली, तर सूनबाईंची किंवा जावयांची त्यांच्या पॅरिशमध्ये मोठी कोंडी होते. हा विषय दोघांनी मिळून त्यांच्या फादरांशी आणि ल्यूथरन पाळकांशी बोलून सोडवायचा आहे. तोपर्यंत आजी-आजोबांनी व्याही आणि विहीणबाईंशी मोकळेपणाने बोलावे. तारीख मात्र कोणालाही सांगू नये.

तिसरी खात्री अशी की बाळाचा बाप्तिस्मा आधीच झालेला नाही. पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ल्यूथरन मंडळी पुन्हा करत नाहीत, मग तो कॅथलिक इगर्जीत झालेला असो वा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत.

सावधान : काळजीपोटी काही आज्या बाळाला घरीच, स्नानाच्या वेळी, गुपचूप बाप्तिस्मा देतात. असे कधीही करू नये. जिवावरच्या संकटात कोणीही ख्रिस्ती व्यक्ती बाप्तिस्मा देऊ शकते : बाळाच्या डोक्यावर तीन वेळा पाणी ओतावे, नाव घ्यावे आणि ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते’ (किंवा ‘देतो’) असे स्पष्ट म्हणावे. ही तरतूद संकटासाठी आहे. सुदृढ बाळाच्या बाबतीत ती वापरली, तर चर्चमधील बाप्तिस्म्याला जागाच उरत नाही आणि आई-वडिलांचा हक्क त्यांच्या नकळत हिरावला जातो. रुग्णालयात खरोखरच तसा प्रसंग आला असेल, तर साक्षीदाराचे नाव आणि वेळ लिहून ठेवून पाळकांना लगेच कळवावे. ते नंतर चर्चमध्ये त्या बाप्तिस्म्याला दुजोरा देऊन नोंद करतात.

टप्पा २ : पाळक आणि जागा, किमान तीन महिने आधी

पहिला फोन आई-वडील ज्या मंडळीचे सभासद आहेत तेथील पाळकांना, आणि तो आई-वडिलांनीच करावा. बाप्तिस्मा दुसऱ्या गावी होणार असेल तर त्या मंडळीचे संमतिपत्र लागते. जर्मनीतील प्रोटेस्टंट मंडळींत याला ‘डिमिसोरियाले’ म्हणतात आणि ते आपल्या पॅरिशच्या कार्यालयातून मागून घ्यावे लागते. भारतातील मंडळीत पाळकांचे साधे सहीशिक्क्याचे पत्र चालते.

बाप्तिस्मा कोण देणार आणि कोठे होणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ल्यूथरन पाळक बाहेरगावाहून येणार असतील आणि उपासना दुसऱ्या प्रोटेस्टंट मंडळीच्या चर्चमध्ये होणार असेल, तर यजमान मंडळीच्या पाळकांची आणि तेथील समितीची लेखी परवानगी घ्यावी. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजेच ल्यूथरन, असा समज अनेक घरांत आहे. १९७० साली नागपूर येथे जी चर्चे एकत्र येऊन ही मंडळी झाली, त्यांत ल्यूथरन नव्हते; उपासनेचा क्रम आणि नोंदवही दोन्ही वेगळी असतात. याचा अर्थ तेथील बाप्तिस्मा कमी ठरतो असा मुळीच नाही. जवळ ल्यूथरन पाळक नसतील आणि आई-वडिलांना मान्य असेल, तर यजमान मंडळीच्या पाळकांच्याच हातून बाप्तिस्मा घेऊन त्याचा दाखला आपल्या ल्यूथरन मंडळीत नोंदवणे हा सरळ मार्ग आहे, आणि दूरवरून पाळक आणण्याच्या खटाटोपापेक्षा मला तो पुष्कळदा अधिक योग्य वाटतो.

पेंटेकोस्टल किंवा बॅप्टिस्ट मंडळीतील ओळखीच्या पाळकांना विनंती करण्याची चूक मात्र टाळावी. त्या मंडळी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. त्या बाळाचे अर्पण करतात आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतात. कार्यक्रम सुंदर होतो, फोटो येतात, आणि पंधरा वर्षांनी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन, म्हणजे मोठे झाल्यावर स्वतः विश्वासाची कबुली देण्याच्या विधीच्या) वेळी बाप्तिस्मा झालेलाच नाही असे लक्षात येते.

तारखेबाबत दोन गोष्टी. बाप्तिस्मा रविवारच्या उपासनेत, मंडळीसमोर व्हावा अशी ल्यूथरन रीत आहे, कारण बाळाचे स्वागत मंडळी करते; शनिवारी संध्याकाळी हॉलच्या सोयीने वेगळा विधी मागू नये. ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि ६ जानेवारीनंतरचा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार हे पूर्वापार बाप्तिस्म्याचे दिवस आहेत. परदेशी राहणारी मुले डिसेंबरच्या सुट्टीत येत असतील तर हा जानेवारीतील रविवार फार सोयीचा पडतो, कारण नाताळच्या आठवड्यात पाळकांना उसंत नसते. दुःखसहनाच्या काळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) अनेक मंडळी बाप्तिस्मा ठेवत नाहीत, म्हणून फेब्रुवारी-मार्चमधली तारीख विचारल्याशिवाय धरू नये.

पाळक मुंबई-पुण्याकडून किंवा दक्षिणेकडून येणार असतील तर त्यांचे जाण्यायेण्याचे तिकीट यजमान कुटुंबाने काढावे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, आणि डिसेंबर व मे महिन्यांत कोकण रेल्वेची तिकिटे पहिल्याच दिवशी संपतात. पावसाळ्यात गाड्या वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावतात; त्यामुळे रविवारी पहाटे मडगावला उतरून थेट उपासनेला येण्याचा बेत आखू नये. पाळकांनी शनिवारी दुपारपर्यंत पोहोचलेले असावे.

तपासणी : संमतिपत्र, यजमान चर्चची परवानगी आणि पाळकांचा होकार, तिन्ही हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. हॉलची आगाऊ रक्कम यानंतर द्यावी.

टप्पा ३ : धर्ममाता-धर्मपिता

येथे सर्वाधिक मने दुखावतात. ज्येष्ठ काका, गल्फमधला मामा किंवा घरचा जुना स्नेही यांना आधी शब्द दिला जातो आणि मग ते बाप्तिस्मा झालेले आहेत का, कोणत्या चर्चचे सभासद आहेत, हे तपासले जाते. क्रम उलटा हवा. नियम मंडळीगणिक थोडे बदलतात, पण निदान एक धर्ममाता किंवा धर्मपिता ल्यूथरन वा प्रोटेस्टंट मंडळीचा दृढीकरण झालेला सभासद असावा अशी अपेक्षा सर्वसाधारणपणे असते, आणि त्याच्या मंडळीचे सभासदत्वाचे पत्र मागितले जाते. जर्मनीतून येणाऱ्या धर्ममातेने हे पत्र, म्हणजे ‘पाटेनशाईन’, निघण्यापूर्वीच घ्यावे. येथून ते मागवण्यात आठवडे जातात.

कॅथलिक मावशी किंवा आत्या यांना दुसरी धर्ममाता म्हणून घेता येईल का, हे पाळकांना विचारावे. बरेच पाळक साक्षीदार म्हणून संमती देतात. उलट बाजूही माहीत असावी. कॅथलिक बाप्तिस्म्यात ल्यूथरन व्यक्ती एकटी गॉडफादर होऊ शकत नाही. कॅथलिक गॉडपेरेंटच्या सोबत ती केवळ साक्षीदार असते (कॅनन ८७४). हे दोन्हीकडच्या नातलगांना आधी सांगितले की मानापमानाचा प्रश्न उरत नाही. बाप्तिस्मा न झालेले हिंदू मामा किंवा जवळचे मित्र यांना ही जबाबदारी देता येत नाही. त्यांच्यासाठी उपासनेनंतर घरी आशीर्वादाचे दोन शब्द बोलण्याचे मानाचे स्थान ठेवावे आणि तसे त्यांना स्वतः जाऊन सांगावे.

टप्पा ४ : नाव आणि कागद

चर्चच्या नोंदवहीतील नाव जन्मदाखल्यावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. गोव्यात जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. नोंदीच्या वेळी नाव ठरलेले नसेल तर ते १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. बाप्तिस्म्यापूर्वीच हे काम उरकावे. घरात बारशाला एक नाव ठेवायचे, जन्मदाखल्यावर दुसरे आणि बाप्तिस्म्याला पणजोबांचे तिसरे, असा प्रकार आजही होतो. पणजोबांचे नाव हवे असेल तर ते जन्मदाखल्यावर मधले नाव म्हणून आधीच घालावे, कारण एकदा दाखला झाला की गोव्यात नाव बदलण्यासाठी १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखालील प्रक्रिया करावी लागते.

बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याची जागा घेत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या शाळाप्रवेशासारख्या कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

पाळकांना पुढील कागद एका पाकिटात द्यावेत : जन्मदाखल्याची प्रत, आई-वडिलांच्या विवाहनोंदणीची प्रत, त्यांचे स्वतःचे बाप्तिस्म्याचे किंवा दृढीकरणाचे दाखले, संमतिपत्र, आणि धर्ममाता-धर्मपित्यांची पत्रे. याच पाकिटात एका कोऱ्या कागदावर सर्व नावे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत ठळक अक्षरांत लिहून ठेवावीत. आईचे माहेरचे आडनाव विसरू नये. गोव्यातील नोंदींत ते फार महत्त्वाचे असते.

टप्पा ५ : पाळकांशी बैठक

बाप्तिस्म्यापूर्वी पाळक आई-वडिलांना आणि धर्ममाता-धर्मपित्यांना भेटतात, प्रत्यक्ष किंवा फोनवर. मार्टिन ल्यूथर यांच्या १५२९ सालच्या लहान कॅटेकिझममधील बाप्तिस्म्याचा भाग दोन पानांचाही नाही. तो सर्वांनी आधी वाचून यावे. पाण्याने एवढे मोठे कार्य कसे होते, या प्रश्नाला तेथे दिलेले उत्तर असे की ते केवळ पाण्याने होत नाही, पाण्यासोबत असलेल्या देवाच्या वचनाने आणि त्यावर विश्वास ठेवल्याने होते. हे ध्यानात घेतले की जॉर्डन नदीचे बाटलीतले पाणी आणण्याचा आग्रह आपोआप गळून पडतो.

टप्पा ६ : वस्त्र, मेणबत्ती आणि पाणी

अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला पांढरा झगा कपाटात असतो, आणि तो बाळाला घालावा ही आजीची सर्वांत मोठी इच्छा असते. तो झगा किमान सहा आठवडे आधी बाहेर काढावा. गोव्याच्या दमट हवेत कपड्यांना बुरशी आणि कसर लागू नये म्हणून आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. त्यांतील नॅप्थालीन कापडात मुरते, आणि जी-६-पीडी या एंझाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांत त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ गंभीर होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून झगा प्रथम उघड्या हवेत, सावलीत काही दिवस टांगावा, कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाने धुवावा, न पिळता टॉवेलवर पसरून वाळवावा आणि पुन्हा हवेवर ठेवावा. नाकाजवळ धरल्यावर किंचितही वास आला तर तो बाळाच्या अंगावर घालू नये. वेदीजवळच्या टेबलावर घडी करून ठेवावा आणि फोटो तेवढ्यातच समाधानाने काढावा. स्टार्च करू नये : तो बाळाच्या मानेला टोचतो आणि कसरीलाही आवडतो. टाचण्या आणि जुने हुक यांचा गंज तपासावा, सुटलेली लेस पक्की करावी.

जुने झगे बहुधा काही आठवड्यांच्या बाळासाठी शिवलेले असतात. सहा-सात महिन्यांच्या बाळाचे हात त्यात शिरत नाहीत आणि उपासनेच्या सकाळी ओढाताण करून शिवण उसवते. मोजून पाहावे. बसत नसेल तर पाठीकडून उघडा ठेवून समोरून नुसता पांघरावा. अनेक उपासनाक्रमांत पांढरे वस्त्र बाप्तिस्म्यानंतरच देतात, त्यामुळे आत साधे, मऊ सुती कपडे घालून आणणेच सोयीचे असते.

बाप्तिस्म्याची मेणबत्ती बेताच्या उंचीची आणि जाड घ्यावी. ती गाडीत ठेवून जेवायला गेल्यास उन्हात वाकते. कपड्यात गुंडाळून घरातच ठेवावी आणि निघताना घ्यावी. ती वेदीजवळच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवली जाते. छताचे पंखे सुरू असतात आणि ज्योत तीनदा विझते. पंखे त्या काही मिनिटांसाठी कोणी बंद करायचे, हे नाव घेऊन ठरवावे. पेटलेली मेणबत्ती धर्मपित्याने धरावी, आणि बाळ ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून एक पाऊल दूर उभे राहावे.

पाणी साधे, स्वच्छ आणि कोमट असावे. थर्मासमध्ये गरम पाणी नेऊन उपासनेपूर्वी पात्रातील पाण्यात मिसळावे आणि मनगटावर टाकून पाहावे. दोन मऊ टॉवेल घ्यावेत. एकच नेला तर तो हमखास मागच्या बाकावरच्या पिशवीत राहतो.

टप्पा ७ : उपासनेतील क्रम

क्रम आधी पाळकांकडून लिहून घ्यावा, कारण प्रत्येक मंडळीचे पुस्तक थोडे वेगळे असते. सर्वसाधारणपणे तो असा चालतो. बाळाला पुढे आणले जाते आणि पाळक त्याचे नाव विचारतात. मत्तय २८ मधील आज्ञा आणि मार्क १० मधील येशूने बालकांना जवळ घेतल्याचा भाग वाचला जातो. कपाळावर आणि छातीवर क्रुसाची खूण केली जाते. सैतानाचा आणि त्याच्या सर्व कामांचा त्याग विचारला जातो, सर्व मंडळी प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणते, आई-वडील व धर्ममाता-धर्मपिता वचन देतात, आणि मग पाणी तीन वेळा ओतले जाते. त्यानंतर हात ठेवून प्रार्थना, पांढरे वस्त्र, मेणबत्ती आणि मंडळीचे स्वागत.

चुका येथे अगदी साध्या होतात. उत्तरे पुटपुटली जातात. ती मोठ्याने द्यायची आहेत आणि त्यासाठी छापील कागद हातात असावा. बाळाला कोणी धरायचे हे ऐन वेळी ठरते. पाळक कोणत्या बाजूला उभे राहतील ते विचारून आदल्या दिवशी उशी घेऊन एकदा तालीम करावी, म्हणजे डोके पात्रावर येते आणि पाणी कानात जात नाही. बाळाला उपासनेपूर्वी अर्धा-पाऊण तास दूध पाजावे. रडले तरी थांबू नये. पाळकांना त्याची सवय असते.

फोटोसाठी एकाच व्यक्तीला परवानगी असावी, फ्लॅश बंद ठेवावा आणि पाणी ओतताना पाळकांच्या समोर कोणी येऊ नये.

सावधान : त्याच उपासनेत प्रभुभोजन (भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर पाहुण्यांना आदल्या दिवशीच कल्पना द्यावी. कॅथलिक पाहुण्यांनी ल्यूथरन प्रभुभोजन घ्यावे याला त्यांच्या चर्चची अनुमती नाही, आणि हिंदू सोयऱ्यांना रांगेत उभे राहावे की बसावे हे कळत नाही. जागेवर शांत बसणे पूर्णपणे योग्य आहे, असे स्पष्ट सांगितले की कोणीही अवघडत नाही.

टप्पा ८ : नोंदवही, चर्च सोडण्यापूर्वी

पाहुणे पाळकांनी यजमान चर्चमध्ये दिलेला बाप्तिस्मा कोणत्या वहीत लिहायचा, हे कोणीच ठरवले नसेल तर तो कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. हे मी अतिशय गांभीर्याने लिहीत आहे, कारण दृढीकरण, विवाह, दुसऱ्या मंडळीत बदली, प्रत्येक वेळी ही एक ओळ शोधली जाते. नोंद कोणत्या मंडळीच्या वहीत होणार हे टप्पा २ मध्येच लेखी ठरवावे, आणि दुसऱ्या मंडळीला त्याची सूचना पत्राने द्यावी.

उपासना संपल्यावर फोटोंपूर्वी वही उघडून घ्यावी. बाळाचे नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईचे माहेरचे नाव आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावे एकाने मोठ्याने वाचावीत आणि दुसऱ्याने पाकिटातील कागदाशी ताडून पाहावीत. ‘फर्नांडिस’चे रोमन स्पेलिंग शेवटी ‘एस’ने की ‘झेड’ने, एवढ्या एका अक्षरासाठी पुढे प्रतिज्ञापत्र करावे लागते. चूक सापडली तर पाळकांनी ती छेदून, शेजारी सही करून दुरुस्त करावी. पांढरी शाई वापरू देऊ नये. दाखल्याच्या दोन मूळ प्रती मागाव्यात.

टप्पा ९ : घरचे जेवण आणि घराच्या रीती

जेवण कसे करावे हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही, म्हणून एवढेच : उपासना लांबते, त्यामुळे पाहुण्यांना दिलेली वेळ एक तास पुढची असावी. बारसे बाराव्या दिवशी आधीच झाले असेल तर बाप्तिस्म्याच्या दिवशी पुन्हा पाळणा बांधून नाव ठेवण्याचा कार्यक्रम करू नये. हिंदू विहीणबाईंना पाळणा म्हणायची इच्छा असेल तर तो घरी, जेवणानंतर, गाणे म्हणून जरूर म्हणू द्यावा. लदिनीनंतर (सामूहिक प्रार्थनेनंतर) वाटतात तसे उकडलेले चणे वाटण्याची शेजारच्या कॅथलिक घरांची रीत आवडत असेल तर ती घेण्यास काहीच हरकत नाही.

टप्पा १० : त्यानंतरच्या आठवड्यात

दाखल्याची एक प्रत आई-वडिलांनी आपल्या मंडळीच्या कार्यालयात द्यावी आणि तेथे नोंद झाल्याचे उत्तर लेखी घ्यावे. दुसरी प्रत जन्मदाखल्यासोबत ठेवावी, लॅमिनेट करू नये. घरातील पवित्र शास्त्राच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर कुटुंबातील जन्म, बाप्तिस्मे आणि विवाह लिहिण्याची रीत असेल तर आजोबांनी त्याच आठवड्यात ओळ लिहावी, जेल पेनाने न लिहिता दमट हवेत न पसरणाऱ्या शाईने, आणि बाप्तिस्म्याचे वचन अध्याय-ओवीसह टाकावे. झगा पुन्हा धुऊन, पूर्ण कोरडा करून, जुन्या मलमलीत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. प्लास्टिकची पिशवी आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही टाळाव्यात. मेणबत्ती दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला काही मिनिटे पेटवायची असते. ती तारीख धर्ममाता-धर्मपित्यांच्या फोनमध्ये त्याच दिवशी घालून द्यावी, कारण वाढदिवस सर्वांच्या लक्षात राहतो आणि ही तारीख राहत नाही.